वडीलकी आणि वतन

इसवी सन १६२० च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पुढे प्लिमथ ह्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या ठिकाणी, ‘मेफ्लॉवर’ गलबतातून आलेल्या शंभरावर स्त्रीपुरुषांनी व मुलांनी वस्ती मांडली, आणि त्या पहिल्याच हिवाळ्यात थंडी, उपासमार व रोगराई ह्यांच्या तडाख्याने त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. त्या वसाहतीचे पुढे दीर्घकाळ गव्हर्नर असलेले विल्यम ब्रॅडफर्ड ह्यांनी लिहून ठेवलेल्या वृत्तान्तावरून असे दिसते, की एक वेळ तर धडधाकट अशी सहासातच माणसे उरली होती. आणि ह्या सहासात जणांनी रात्रंदिवस इतरांसाठी लाकडे आणली, विस्तव पेटता ठेवला, अन्न शिजविले, बिछाने घातले, आणि एरवी ज्यांच्याकडे पाहूनही किळस यावी असे आजाऱ्यांचे कपडे स्वतःच्या हातांनी धुतले. त्या सहासातांपैकी दोघांची नावे ब्रॅडफर्ड मुद्दाम नोंदवितात. एक लष्करी कप्तान माइल्स स्टँडिश, आणि दुसरे त्या मंडळीचे वडील विल्यम ब्रूस्टर.

ब्रूस्टर हे काही सामान्य असामी नव्हते. केंब्रिजात शिकलेले, एलिझाबेथ राणीचे सचिव विल्यम डेव्हिसन ह्यांच्या पदरी राहून दरबारचा कारभार जवळून पाहिलेले आणि धर्ममतासाठी इंग्लंड सोडून हॉलंडात परागंदा झालेले असे ते पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. मंडळीचे पाळक जॉन रॉबिन्सन बहुसंख्य लोकांसह लायडन येथेच मागे राहिले होते, आणि १६२५ साली तेथेच त्यांना मृत्यू आला. प्लिमथच्या लोकांना स्वतःचा पाळक मिळाला तो १६२९ साली. मधल्या नऊ वर्षांत उपासना चालविण्याचा आणि उपदेश करण्याचा सगळा भार ब्रूस्टर ह्यांनी वाहिला. बाप्तिस्मा देणे आणि प्रभुभोजनाचा विधी चालविणे ह्या दोन गोष्टी मात्र त्यांनी केल्या नाहीत. त्यांनी त्या कराव्यात काय, असा प्रश्न पत्राने रॉबिन्सन ह्यांच्याकडे गेला, वडिलाच्या हुद्द्यात तो अधिकार येत नाही असे उत्तर आले, आणि समुद्रापलीकडच्या एका पत्राचा तो निर्णय, मोडला असता तर जाब विचारणारे कोणीही जवळ नसताना, ब्रूस्टर ह्यांनी पाळला. ज्याने लोकांचे मळके कपडे धुतले त्याच्या हातून लोकांनी भाकर आणि द्राक्षारस आनंदाने घेतला असता; परंतु जे आपल्याकडे सोपविलेले नाही ते लोक आनंदाने देत असले तरी घ्यावयाचे नाही, ही मर्यादा त्यांनी ओळखली होती.

ख्रिस्ती मंडळीतील वडिलाचा हुद्दा हा काय पदार्थ आहे, हे समजून घेण्यास ह्या दोन गोष्टी, म्हणजे धुतलेले कपडे आणि न घेतलेला अधिकार, पुरेशा आहेत असे मला वाटते. पुढील चार शतकांत अमेरिकेच्या भूमीवर ह्या हुद्द्याचे जे उत्कर्षापकर्ष झाले ते सगळे ह्या दोन कसोट्यांवर घासून पाहता येतात; आणि ते पाहणे मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण अधिकार ही अमानत आहे की वतन आहे हा प्रश्न आपल्या गावगाड्याइतका जुना आहे.

मराठी बायबलात ‘वडील’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दासाठी योजला आहे, त्याचा मूळ अर्थ वयाने मोठा एवढाच. परंतु आपल्या भाषेत हा शब्द एकटा येत नाही. तो आपल्याबरोबर पित्याचा धाक, कुटुंबाचा भार आणि ‘वडिलोपार्जित’ ह्या विशेषणाची छायाही घेऊन येतो. जे वडिलोपार्जित ते आपले, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळली आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही सगळी वतने मुळात गावाच्या किंवा परगण्याच्या सेवेबद्दल लावून दिलेली. परंतु सेवा हळूहळू विस्मृत व्हावी आणि हक्क, लवाजमा व मानपान तेवढे पिढ्यान्‌पिढ्या उरावेत, पोळ्याला पहिला बैल कोणाचा आणि होळीची पहिली पोळी कोणाची ह्यावरून भाऊबंदांत तंटे माजावेत, आणि ते मिटविण्यासाठी गोतसभा बसून महजर लिहिले जावेत, हा आपल्या इतिहासातील नित्याचा क्रम आहे. हक्काला कर्तव्यापेक्षा दीर्घ आयुष्य असते. म्हणूनच ज्या कोणत्या समाजाने आपल्या पुढाऱ्यांना ‘वडील’ म्हटले, त्याला त्या वडीलकीचे वतन होऊ न देण्याचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा लागतो.

ख्रिस्ती शास्त्राने असा बंदोबस्त कोणत्या मार्गाने केला आहे, हे पाहण्यासारखे आहे. एकटा मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, की अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. विश्वासू, लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवडून त्यांच्यावर हे काम वाटून दे. नव्या करारात मंडळ्यांमध्ये वडील नेमल्याचे जे उल्लेख येतात तेही जवळजवळ सर्वत्र अनेकवचनी आहेत. एका मंडळीवर एकच वडील अशी कल्पना तेथे रुजलेली दिसत नाही. तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांत अशा माणसाच्या अंगी कोणते गुण असावेत ह्याची जी यादी दिली आहे, ती लक्षपूर्वक वाचली म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. संयमी, अतिथिप्रिय, मद्यासक्त नसलेला, भांडखोर नसलेला, द्रव्यलोभ नसलेला, घरचा कारभार नीट चालविणारा, नवशिका नसलेला, बाहेरच्या लोकांतही नाव चांगले असलेला, असे गुण एकामागून एक येतात, आणि त्या सबंध यादीत ज्याला कसब म्हणता येईल असा गुण एकच आहे, तो म्हणजे शिकविण्याची पात्रता. बाकीचे सगळे शील आहे. वक्तृत्व, विद्वत्ता, संपत्ती, संघटनाकौशल्य ह्यांपैकी कशाचीही तेथे मागणी नाही. पेत्र तर वडिलांना उपदेश करताना स्वतःला सोबतीचा वडील म्हणवितो, आणि कळपावर धनीपण न गाजविता त्याला कित्ता घालून देण्याचा उपदेश करतो. आणि याकोब सांगतो की कोणी आजारी पडला तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे. वडिलाला बोलाविण्याचा अधिकार येथे आजाऱ्याला आहे, हे विसरून चालणार नाही.

ह्या शास्त्रवचनांवरून एक रीतसर हुद्दा घडविण्याचे काम सोळाव्या शतकात जिनिव्हात झाले. १५४१ च्या नियमावलीत कॅल्व्हिन ह्यांनी नगराच्या सभांमधून बारा वडील निवडावयाचे ठरविले, आणि नगराच्या प्रत्येक भागावर कोणाची तरी देखरेख राहील अशी त्यांची वाटणी केली. स्कॉटलंडात जॉन नॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५६० साली जी शिस्तीची पहिली पोथी तयार केली, तिच्यात वडिलांची निवड दरसाल व्हावी असे म्हटले होते, आणि त्याचे कारणही दिले होते, की फार काळ हुद्द्यावर राहिलेला माणूस मंडळीचे स्वातंत्र्य गृहीत धरू लागतो. वतनाचा धोका त्या लोकांनी किती लवकर हेरला होता हे ह्यावरून दिसते.

स्कॉटलंड व आयर्लंड येथून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी ही व्यवस्था बरोबर नेली. फ्रान्सिस मॅकेमी ह्या आयर्लंडात जन्मलेल्या उपदेशकाच्या पुढाकाराने १७०६ साली फिलाडेल्फिया येथे पहिली प्रेसबिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची सामाईक सभा, भरली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गव्हर्नराने परवान्यावाचून उपदेश केल्याच्या आरोपावरून मॅकेमींना कैद केले, आणि खटल्यात ते निर्दोष सुटले. १७८९ साली त्याच फिलाडेल्फियात ह्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची पहिली सर्वसाधारण सभा भरली, तेव्हा तिचे उद्घाटन करणारे जॉन विदरस्पून हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेले गृहस्थ होते. राष्ट्राची घटना आणि ह्या मंडळीची घटना एकाच शहरात आणि थोड्याच अंतराने तयार झाल्या. एकीने दुसरीची नक्कल केली असे म्हणण्याचे कारण नाही; परंतु एका माणसाच्या हाती अनिर्बंध सत्ता असू नये ही चिंता दोहोंच्या मुळाशी होती, एवढे निश्चित.

ह्या व्यवस्थेची रचना साधी आहे. प्रत्येक मंडळी आपल्यातून काही वडील निवडते. पाळक आणि हे वडील मिळून जी बैठक होते तिला ‘सेशन’ म्हणतात. पाळक तिचा अध्यक्ष असतो, पण मालक नसतो. मंडळीत कोणाला घ्यावे, कोणाला ताकीद द्यावी, प्रभुभोजन केव्हा व्हावे, ह्याचा फैसला पाळकाला एकट्याने करता येत नाही. सेशनच्या निर्णयावर प्रेसबिटरीकडे, तिच्यावर सिनडकडे आणि शेवटी सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येते, आणि ह्या वरच्या सभांतही उपदेशक व वडील एकमेकांशेजारी बसतात. प्रत्येक पायरीवर दप्तर ठेवले जाते आणि ते दप्तर वरच्या पायरीपुढे तपासणीस रुजू करावे लागते.

परंतु सेशनचा जीव त्या बैठकीत नव्हता. तो घरोघरच्या उंबरठ्यावर होता. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत प्रभुभोजनाचा दिवस जवळ आला, म्हणजे पाळक आणि वडील आपापल्या वाटणीच्या घरांना भेट देत, लोकांची विचारपूस करीत, कोणाचे कोणाशी वैर असेल तर ते मिटविण्याचा यत्न करीत, आणि मग ज्यांना मेजावर बसण्यास हरकत नाही त्यांना शिशाचा एक लहानसा बिल्ला देत. तो बिल्ला दाखविल्यावाचून मेजापाशी जागा मिळत नसे. जुन्या सेशनांच्या दप्तरांत दारूबाजी, चहाडी, शेजाऱ्यांची भांडणे, व्यभिचार, व्यवहारातील लबाडी अशा कितीतरी प्रकरणांच्या नोंदी सापडतात. आजच्या वाचकाला ही चौकशी जाचक वाटेल, आणि ती पुष्कळदा जाचकही होती; घराघरांत डोकावण्याचा परवाना मिळालेला माणूस दयाळू नसेल तर तो गावाचा कर्दनकाळ होतो. तरीसुद्धा ह्या पद्धतीत एक मोलाची गोष्ट होती. वडील माणसांना त्यांच्या घरी, त्यांच्या चुलीपाशी, त्यांच्या आजारपणात ओळखत असे. सभेत बसून अहवाल ऐकणाऱ्याला जे कधीच कळत नाही, ते त्याला ठाऊक असे.

१८३१ साली प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातील प्राध्यापक सॅम्युएल मिलर ह्यांनी ह्या हुद्द्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या दशकात वाद उसळला तो असा: वडील हा लोकांचा प्रतिनिधी, की शास्त्राने नेमलेला मेंढपाळ? प्रिन्स्टनचे चार्ल्स हॉज त्याला लोकांचा प्रतिनिधी मानीत. साऊथ कॅरोलायनाचे जेम्स हेन्ली थॉर्नवेल म्हणत, की तो पाळकाइतकाच खरा प्रेस्बिटर आहे आणि त्याच्या हजेरीवाचून प्रेसबिटरी पुरी होत नाही. १८४३ च्या सर्वसाधारण सभेने थॉर्नवेल ह्यांच्या पक्षाविरुद्ध निकाल दिला. हा वाद निव्वळ शब्दांचा नव्हता. वडील जर केवळ प्रतिनिधी असेल तर बहुमत म्हणेल ते त्याने करावयाचे. आणि तो जर केवळ वरून नेमलेला असेल तर लोकांनी त्याला काही विचारावयाचेच नाही. अमेरिकन मंडळ्यांनी अखेर जी वहिवाट पाडली ती ह्या दोहोंच्या मधून जाते: त्याला लोकांनी निवडावे, परंतु निवडून आल्यावर त्याने लोकांची मर्जी मोजीत न बसता प्रभूची इच्छा शोधीत आपल्या सदसद्विवेकाने मत द्यावे. मला ही मांडणी योग्य वाटते, कारण लोकांना नको असलेले सत्य सांगण्याची ताकद नसलेला वडील पाळकाला नको असलेले सत्यही सांगू शकत नाही.

येथेच ह्या इतिहासाचे सर्वांत वेदनादायक पान येते. वडिलाच्या बरोबरीच्या हक्कासाठी इतक्या तळमळीने भांडणारे थॉर्नवेल गुलामगिरीचे उघड समर्थक होते. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्यातील ब्रायरी येथील प्रेस्बिटेरियन मंडळी तर स्वतःच गुलामांची मालक होती. अठराव्या शतकात वर्गणी काढून तिने माणसे विकत घेतली, आणि त्यांना भाड्याने देऊन येणाऱ्या पैशांतून पाळकाचा पगार भागविला जाई. त्या मंडळीतही वडील होते, त्यांच्या बैठका होत, दप्तर ठेवले जाई. एकाहून अधिक माणसे एकत्र बसली, त्यांनी रीतसर मते दिली आणि हिशेब चोख लिहिला म्हणजे न्याय झाला असे नव्हे, ही गोष्ट ब्रायरीच्या दप्तराइतकी कशानेच स्पष्ट होत नाही. वडिलाचे नाव बाहेरच्या लोकांतही चांगले असावे असे शास्त्र सांगते. परंतु ह्या वडिलांविषयी, ज्यांना त्यांनी विकत घेतले होते त्यांची साक्ष कोणी घेतली होती? त्यांना धड आतलेही मानले नाही आणि बाहेरचेही मानले नाही. ज्याच्यावर आपली सत्ता सर्वांत अधिक चालते त्याची साक्ष वगळून केलेली शीलाची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. फिलाडेल्फियात १८०७ साली जॉन ग्लॉस्टर ह्या स्वतः गुलामगिरीतून सुटून आलेल्या उपदेशकाने कृष्णवर्णीयांची पहिली प्रेस्बिटेरियन मंडळी स्थापली, ती ह्या वगळलेल्या साक्षीदारांनी स्वतःची मांडलेली बैठकच म्हणावयाची.

स्त्रियांच्या बाबतीतही ह्याच चुकीची दुरुस्ती फार उशिरा झाली. आजारी माणसाच्या उशाशी बसण्याचे, घरोघर जाऊन विचारपूस करण्याचे आणि दुखावलेल्यांचे ऐकून घेण्याचे जे काम वडिलाचे म्हणून सांगितले आहे, ते बहुतेक मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियाच करीत आल्या होत्या. हुद्दा मात्र पुरुषांकडे होता. १९३० साली उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन मंडळीने स्त्रियांना वडील होण्याची मोकळीक दिली, आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील सारा डिक्सन ह्या पहिल्या स्त्री-वडील झाल्या. दक्षिणेकडील मंडळीला त्याच निर्णयापर्यंत येण्यास १९६४ साल उजाडले. आजही अमेरिकेतील कित्येक मंडळ्या शास्त्राचा आधार देऊन हे नाकारतात, आणि त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. परंतु ज्या बैठकीत तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीला आपल्यासारखे एकही माणूस समोर दिसत नाही, त्या बैठकीने आपले कान दुप्पट उघडे ठेवले पाहिजेत, हे तरी त्यांनीही मान्य करावे.

अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन मंडळीने आणखी एक शहाणपणाची तजवीज केली. आजच्या तिच्या घटनेप्रमाणे वडिलाची मुदत एका वेळी तीन वर्षांहून अधिक नसते, आणि लागोपाठ सहा वर्षांपलीकडे सहसा कोणाला त्या जागी राहता येत नाही. दीक्षा जन्माची असते, पण कारभार मुदतीचा. नॉक्स ह्यांच्या पोथीतील जुनी भीती येथे नियमाच्या रूपाने पुन्हा अवतरली आहे. अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्षही प्रेस्बिटेरियन वडील होते: इंडियानापोलिसच्या मंडळीत १८६१ पासून बेंजामिन हॅरिसन, आणि प्रिन्स्टनच्या मंडळीत १८९७ पासून वुड्रो विल्सन. सेशनच्या मेजाशी त्यांचेही मत एकच धरले जाई, आणि ह्यातच त्या हुद्द्याचे खरे तेज आहे. तथापि ज्या विल्सन ह्यांना त्या मेजाशी बसण्यास योग्य मानले गेले, त्यांच्याच अमलात वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून गोऱ्या व काळ्या नोकरांची फारकत करण्यात आली, हेही नमूद केले पाहिजे. हुद्दा मनुष्याला शील देत नाही. फार तर शीलाला राबण्यासाठी एक जागा देतो.

गेल्या अर्धशतकात अमेरिकेत ह्या जागेचे स्वरूपच पालटले. कोणत्याही प्रेसबिटरीशी बांधलेल्या नसलेल्या, एका प्रभावी उपदेशकाभोवती उभ्या राहिलेल्या, आठवड्याला हजारो माणसे जमविणाऱ्या प्रचंड मंडळ्या निघाल्या. त्यांनीही वडील नेमले. परंतु शब्द जुना राहिला आणि वस्तू नवी आली. ह्या वडिलांचे काम एखाद्या कंपनीच्या संचालकांसारखे झाले: अंदाजपत्रक मंजूर करणे, इमारतीचा ठराव करणे, मुख्य पाळकाच्या कामाचा आढावा घेणे. घरांचा उंबरठा त्यांच्या वाट्याला उरला नाही, आणि वर दाद मागावी अशी पायरीही उरली नाही.

शिकागोजवळ १९७५ साली स्थापन झालेली विलो क्रीक मंडळी हे ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. २०१८ च्या मार्चमध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने तिचे संस्थापक बिल हायबेल्स ह्यांच्यावरील स्त्रियांच्या आरोपांची बातमी छापली, हायबेल्स ह्यांनी आरोप नाकारले, आणि मंडळीच्या वडिलांनी आरंभी त्यांचीच बाजू उचलून धरली. एप्रिलमध्ये हायबेल्स ह्यांनी पद सोडले. ऑगस्टमध्ये सबंध वडीलमंडळाने आपण पायउतार होत असल्याचे जाहीर केले. आपण आपल्या पाळकाला पुरेसा जाब विचारला नाही आणि पुढे आलेल्या स्त्रियांना दुखावले, अशी कबुली देऊन त्यांनी क्षमा मागितली. पुढच्या वर्षी एका स्वतंत्र सल्लागार गटाने ते आरोप विश्वसनीय ठरविले. सिअॅटलच्या मार्स हिल मंडळीचा इतिहासही ह्याच जातीचा आहे: २००७ साली सत्ता थोड्या हातांत एकवटणाऱ्या नव्या नियमावलीच्या वेळी तिला विरोध करणाऱ्या दोन वडिलांना काढून टाकण्यात आले, आणि सात वर्षांनी, मुख्य पाळकाने राजीनामा दिल्यानंतर, ती मंडळीच विसर्जित झाली.

विलो क्रीकचे वडील दुष्ट होते असे मला वाटत नाही. त्यांची अखेरची कबुली ही शीलवान माणसांचीच कबुली होती. त्यांचे चुकले ते जागेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार आली त्याच्या ते जवळ बसलेले होते, आणि ज्यांनी तक्रार केली त्यांच्यापेक्षा त्याचेच म्हणणे त्यांनी आधी खरे मानले. आणि मनुष्यस्वभाव असा आहे, की ज्याच्या घरी आपण जेवलो त्याचे बोलणे आपल्याला खरे वाटते. म्हणूनच घरोघर जाण्याचा तो जुना नेम केवळ दयाधर्माचा भाग नव्हता, तर न्यायाचीही पूर्वतयारी होती. वडिलावरील आरोप दोघातिघांच्या साक्षीवाचून घेऊ नये असे तीमथ्याला लिहिलेले पत्र सांगते, आणि ढालीसारखा हा नियम पुष्कळ मंडळ्यांत पुढे केला जातो. पण त्याच्या लगेच पुढे, जे पाप करतात त्यांना सर्वांसमक्ष दोष लावावा आणि कोणताही पक्षपात करू नये, असेही बजावलेले आहे. पहिले वचन लक्षात ठेवणारे दुसरे विसरतात, तेव्हा अमानतीचे वतन झालेले असते.

ह्यावर असा आक्षेप येईल, की अनेकांच्या कारभाराने काम रेंगाळते, वडीलमंडळच एक टोळी बनून चांगल्या पाळकाला छळू शकते, आणि एखाद्या द्रष्ट्या माणसाचे पंख दहा सामान्य माणसे कापून टाकतात. हे सर्व घडते, आणि त्याची उदाहरणेही विपुल आहेत. परंतु रेंगाळलेल्या कामाची भरपाई होते. न ऐकलेल्या आक्रोशाची होत नाही. टोळीवर इलाज म्हणजे मुदत, वरची पायरी आणि उघडे दप्तर. एकट्या माणसाच्या अनिर्बंध सत्तेवर मात्र, ती एकदा बसल्यानंतर, इलाज करावयाला कोणी उरत नाही.

हा विचार मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना उपराही नाही आणि उसनाही नाही. मॅसॅच्युसेट्‌समधील सेलम येथे १८१२ च्या फेब्रुवारीत दीक्षा घेतलेल्या पाच तरुणांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढच्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. १८३१ साली त्या मिशनचे ठाणे अहमदनगरास बसले. कोल्हापूरकडे १८५२ साली आलेल्या रॉयल वाइल्डर ह्यांचे काम १८७० साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले, आणि वडिलांची ती स्कॉटिश-अमेरिकन वहिवाट पंचगंगेच्या काठी पोचली. अमेरिकन मराठी मिशनच्या बोस्टनमधील चालक संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४ साली भारतात आले ते हा आग्रह घेऊन, की मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः करावा. तत्त्व उदात्त होते. परंतु खजिन्याच्या किल्ल्या पुढेही पुष्कळ काळ मिशनऱ्यांच्याच कमरेला राहिल्या, आणि ज्याच्या हाती पगार त्याच्यापुढे वडिलाने काय बोलावे, हा प्रश्न मराठी मंडळ्यांना दीर्घकाळ छळीत राहिला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडणारे नारायण वामन टिळक ह्याच प्रश्नाला आपल्या परीने उत्तर देत होते. आणि त्यांच्याही आधी पंडिता रमाबाईंनी, १८८५ साली इंग्लंडात असताना, आपल्याला धर्मशिस्त शिकवू पाहणाऱ्यांना निक्षून कळविले होते, की देशातील पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच फेकून दिल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. पुढील वर्षी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथील लोकस्थितीवर त्यांनी मराठीत जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांना भावली ती त्या देशातील सामान्य स्त्रीपुरुषांची एकत्र येऊन स्वतःचा कारभार स्वतः चालविण्याची सवय.

आपल्याकडच्या मंडळ्यांत आज पंचांच्या वा वडिलांच्या निवडणुका होतात, तेव्हा घराणे, जात, आडनाव आणि गावकी ह्यांची गणिते मांडली जातात, आणि मिशनच्या काळातील जागाजमिनींवरून कज्जे कोर्टात वर्षानुवर्षे लोंबत राहतात, हे आपण सारे जाणतो. ह्याचा दोष एकट्या कोणाचा नाही; तो त्या वडिलोपार्जितपणाच्या सवयीचा आहे, आणि ती सवय अमेरिकेतही वेगळा पोशाख घालून वावरते. तिच्यावर उपाय म्हणून नियम हवेत, मुदत हवी, दप्तर उघडे हवे, दाद मागण्याची पायरी हवी. पण एवढ्याने भागणार नाही. निवडणाऱ्यांनी उमेदवाराविषयी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. गेल्या वर्षात हा कोणत्या आजाऱ्याच्या उशाशी बसला होता, आणि हे त्या आजाऱ्यालाच जाऊन विचारावे. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे: ह्याला देऊ केलेली कोणती गोष्ट ह्याने, ती आपली नव्हे म्हणून, परत केली?

ब्रूस्टर १६४४ साली वारले. त्यांच्यामागे सुमारे चारशे ग्रंथ राहिले, आणि त्यांचा स्नेही ब्रॅडफर्ड ह्याने त्यांच्याविषयी लिहिलेली काही पाने. नऊ वर्षे प्लिमथच्या लोकांनी प्रभुभोजनावाचून काढली, आणि ती उणीव त्यांना बोचत होती. रविवारमागून रविवार लोकांना उपदेश करून, भाकरीला हात न लावता, हा मनुष्य घरी परतत असे. आणि ज्यांचे कपडे त्याने धुतले होते तेही, त्याच्यावर विश्वास ठेवून, वाट पाहत असत.